गप्पी मासे आणि अम्मीचा पाय

'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा.' ही ओळ मी लिहिलेली नाही. कोणी लिहिली तेही कधी कळलं नाही. पण महाराष्ट्रातल्या जेवढ्या भिंतींवर ती रंगवली गेली, तेवढ्या भिंती कुठल्या कवीच्या वाट्याला आल्या नसतील. शाळेची भिंत, ग्रामपंचायतीची भिंत, एसटीच्या थांब्याची भिंत. मी तीस-पस्तीस वर्षं कविता लिहितो आहे, आणि खरं सांगायचं तर या ओळीचा मला थोडा हेवाच वाटत आला. दोन आज्ञा, एक यमक, आणि ज्याला फारसं वाचता येत नाही त्यालाही पाठ.

आज या गप्पी माशांविषयीच बोलायचं आहे. मी साधा बी.ए. दहावीनंतर विज्ञानाशी माझा संबंध सुटला. पण हा मासा माझ्या घरात राहिला, वाढला, मेला, पुन्हा वाढला. त्याच्यापायी मी एक चूकही करून बसलो. ती शेवटी सांगतो.

माझं गाव कोंढा. भंडारा जिल्हा, पवनी तालुका. शेजारी कोसरा, म्हणून लोक कोंढा-कोसरा असं जोडूनच म्हणतात. धानाचा मुलूख. पावसाळ्यात बांध्या भरल्या की घराच्या दारापर्यंत पाणी आणि संध्याकाळ झाली की डास. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात, ते ऐकायला छान वाटतं. जिथे एवढं साचलेलं पाणी तिथे डासांना राहायला जागा कमी पडत नाही, हे मात्र सहसा कोणी बोलत नाही.

माझ्या अम्मीचा उजवा पाय हत्तीपाय होता. मी तिला कधी दोन सारख्या पायांनी चालताना पाहिलं नाही. आमच्या भागातल्या कितीतरी बायांसारखी ती घरी बिड्या वळायची. सुपात तेंदूपान आणि तंबाखू घेऊन, तो पाय लांब सोडून, भिंतीला टेकून बसायची. मला वाटायचं, बिड्या वळणाऱ्या बाया अशाच बसतात. पावसाळ्यात तिला थंडी वाजून ताप यायचा, पाय लाल व्हायचा, आणि ताप उतरला की पाय आणखी थोडा मोठा झालेला असायचा.

लहानपणी रात्री रक्त घेणारी माणसं यायची ते आठवतं. दिवसा नाही, रात्री. साऱ्या वस्तीत कंदील घेऊन फिरायची, झोपलेल्या पोरांना उठवायची, बोटाला सुई टोचून काचेच्या पट्टीवर थेंब घ्यायची. आम्हाला ती माणसं भुतासारखी वाटायची. रात्रीच का यायची, याचं कारण पुष्कळ वर्षांनी कळलं. हत्तीरोगाच्या जंतूची पिल्लं दिवसा रक्तातून नाहीशी होतात, शरीरात खोल जाऊन बसतात. रात्री, जेव्हा हा रोग पसरवणारा डास चावायला निघतो, नेमकी तेव्हाच ती वरच्या रक्तात येतात. वेळ साधण्याची ही हुशारी वाचली तेव्हा मला त्या जंतूचा राग येण्याऐवजी आधी आश्चर्यच वाटलं.

डास रोग वाहतो, ही गोष्ट माणसाला कळून अजून दीडशे वर्षं झालेली नाहीत. १८७७ साली चीनच्या किनाऱ्यावर अमॉय इथे पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरला हत्तीरोगाचे जंतू डासाच्या पोटात वाढताना दिसले. पुढे त्याच्याच सल्ल्याने काम करणाऱ्या रोनाल्ड रॉसला २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला. म्हणजे आमच्या घराला छळणाऱ्या रोगाचा छडा हिवतापाच्या आधी लागला होता. पण नाव झालं ते हिवतापाचं. भिंतीवरही तोच आला. 'हत्तीरोग टाळा' असं कोणी लिहिलं नाही. यमक बिघडलं नसतं, पण लिहिलं नाही.

एकदा डास सापडल्यावर त्याची अळी सापडली, आणि अळी पाण्यात राहते म्हटल्यावर अळी खाणाऱ्याचा शोध सुरू झाला. १९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापावर अहवाल दिला. शहरातल्या विहिरी हे डासांचं घर आहे, त्या बंद करा, असं त्यांचं म्हणणं. त्यावर मोठी ओरड झाली. विहीर म्हणजे नुसतं पाणी नव्हे. पारशांची तिच्यावर श्रद्धा, हिंदूंची श्रद्धा. जिथे विहीर बुजवता येत नाही आणि डासही नकोत, तिथे मासा हा सगळ्यांना चालणारा मार्ग. माझ्या आजोळच्या मशिदीच्या अंगणात वजूचा हौद होता. त्यातही बारीक मासे असायचे. नमाजी हातपाय धुवायचे आणि मासे बोटांशी यायचे. ते तिथे कोणी सोडले हे विचारायची तेव्हा गरजच वाटली नाही.

आता इथे इतिहासातली एक गंमत आहे आणि तिच्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. १९१२ साली कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमने एक पुस्तिका काढली. सेवेल नावाचे साहेब आणि बी. एल. चौधरी, दोघांनी मिळून लिहिलेली. विषय : डासांचा नाश करण्यात उपयोगी ठरलेले हिंदुस्थानातले मासे. हिंदुस्थानातले! म्हणजे आपल्या तळ्यांत, नाल्यांत, बांध्यांत पिढ्यान् पिढ्या अळ्या खात असलेले छोटे देशी मासे. एकाच्या डोक्यावर पांढरा ठिपका असतो. पाण्याच्या अगदी वरच्या थरात तरंगतो तेव्हा तो ठिपका चमकतो. लहानपणी आम्ही त्याला धरायचा प्रयत्न करायचो आणि तो कधीच हाती लागायचा नाही. तो मासा डासांच्या अळ्यांवर जगतो. औषध दारात होतं.

मग परदेशी मासा का आणला? त्यासाठी गप्पीची जन्मकथा सांगायला हवी.

'गप्पी' हा आपल्याला गप्पांवरून आलेला शब्द वाटतो. मलाही पुष्कळ दिवस वाटत होता. तोंड सारखं हलवतो, म्हणून गप्पी. पण हे एका माणसाचं आडनाव आहे. वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावर रॉबर्ट जॉन लेचमियर गप्पी नावाचे गृहस्थ होते. भूगर्भशास्त्राचा नाद, आणि नोकरी शाळातपासणीची. १८६६ साली त्यांनी तिथला एक इवलासा मासा लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवला, आणि तिथल्या तज्ज्ञाने त्याला त्यांचं नाव दिलं. नंतर लक्षात आलं की या माशाला पीटर्स नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८५९ सालीच व्हेनेझुएलातल्या नमुन्यांवरून नाव देऊन ठेवलं आहे. शास्त्रीय नाव गेलं, आडनाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. एका शाळातपासनिसाचं आडनाव कोंढ्याच्या शाळेच्या भिंतीवर येतं, आणि मुलं ते मराठी समजून वाचतात!

हा मासा हिंदुस्थानात १९१० च्या आगेमागे आला. त्याचा भाऊबंद गॅम्बुशिया मूळचा अमेरिकेतला. तो १९२८ साली इटलीतून आणला गेला. दोघांचं वैशिष्ट्य एकच : ते अंडी घालत नाहीत, जिवंत पिल्लं देतात.

ही साधी गोष्ट वाटते, पण सारं त्यातच आहे. देशी मासा अंडी घालतो. त्याला पाणवनस्पती लागते, ठरावीक ऋतू लागतो, पाण्याची हालचाल लागते. रोहू-कतल्यासारखे मोठे मासे तर साचलेल्या पाण्यात विणच करत नाहीत. पहिल्या पावसाचं वाहतं पाणी आल्याशिवाय त्यांची मादी अंडी सोडत नाही. हे कोडं सुटायला १९५७ साल उजाडलं. ओडिशात हिरालाल चौधरींनी माशांच्या मेंदूतल्या ग्रंथीचा अर्क टोचून त्यांना अंडी घालायला लावली, आणि त्यातून आपल्या देशातल्या मत्स्यशेतीचं रूपच पालटलं. गप्पीला यातलं काही नको. मादीच्या पोटात पिल्लं वाढतात, साधारण चार आठवड्यांनी वीस-पंचवीस, कधी चाळीस-पन्नास पिल्लं बाहेर येतात. जन्मल्या क्षणी पोहतात, खातात. दोन-तीन महिन्यांत तीच वयात येतात. आणि ज्या मादीचा नराशी एकदा संबंध आला, ती त्याचं बीज पोटात महिनोन् महिने सांभाळून ठेवते. नर नसला तरी एकामागून एक वेत देत राहते. म्हणजे एका लोट्यात एक मादी न्या, कुठेही सोडा, काम झालं. सरकारी योजनेला याहून सोयीचा प्राणी कोणता? वजन नाही, खर्च नाही, शिपाईही नेऊ शकतो. शिवाय गॅम्बुशियाला बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागतं, गप्पी मात्र गटारातही जगतो. हत्तीरोगाचा डास गटारातलाच. माझं आपलं असं मत आहे की देशी मासा गुणाने कमी पडला नाही, तो फक्त बादलीत मावला नाही.

मध्यंतरी माशांचे दिवस गेले होते. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा आणि आठ लाख मरायचे, असा अंदाज आहे. १९५३ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि डीडीटी आली. १९५५ मध्ये हत्तीरोगाचा वेगळा कार्यक्रम आला. फवारणीवाले यायचे, घरातली भांडीकुंडी अंगणात काढायला लावायचे, भिंती पांढऱ्या ओघळांनी भरायच्या. १९६५ पर्यंत हिवतापाचे रुग्ण लाखावर आले, मृत्यू जवळपास थांबले. लोकांना वाटलं, संपलं. डासांना तसं वाटलं नव्हतं. ते औषधाला सरावले, यंत्रणा सैलावली आणि १९७६ साली देशात ६४ लाख रुग्ण नोंदले गेले. तेव्हा जुना मासा पुन्हा आठवला. १९८३ पासून गुजरातच्या खेडा जिल्ह्यात डॉ. व्ही. पी. शर्मा यांच्या पुढाकाराने फवारणीऐवजी खड्डे बुजवणं, पाणी वाहतं करणं आणि गप्पी मासे सोडणं असा प्रयोग गावोगाव झाला. गप्पीची पैदास करायच्या टाक्या बांधल्या गेल्या. नव्वदच्या दशकात आपल्याकडेही तेच वारं आलं. भिंती रंगल्या.

आमच्या घरी गप्पी आले १९९७ साली. माझं वह्या-पुस्तकांचं छोटं दुकान आणि संध्याकाळी पोरांच्या शिकवण्या. एक आरोग्यसेवक दुकानात बसायला यायचे. त्यांच्या केंद्रात पैदासीची टाकी होती, पण मे महिन्यात ती कोरडी पडायची आणि पावसाळ्यात वरून कागदावर आकडे मागितले जायचे. किती ठिकाणी मासे सोडले? ते हैराण. म्हणाले, "भाऊ, तुमच्या अंगणात सिमेंटचं टाकं हाये, पन्नास मासे ठेवून घ्या. वाढले की मी नेत जाईन." मी हो म्हटलं. यात काय अवघड? आपोआप वाढणारा मासा.

पहिल्या महिन्यात एकही पिल्लू दिसलं नाही. माद्या फुगायच्या, पोटाखाली मागच्या बाजूला काळा डाग गडद व्हायचा, आणि एका सकाळी पाहावं तर मादी सडपातळ झालेली, पिल्लांचा पत्ता नाही. मला वाटलं, आजार आहे. काचेच्या बरणीत एक मादी आणून ठेवली आणि अम्मीजवळ ठेवली. ती दिवसभर एका जागी बसलेली असे, तिला म्हटलं लक्ष ठेव. दुपारी तिने हाक मारली. घरात आम्ही हिंदी-उर्दूची आमची खिचडी बोलतो. म्हणाली, "अरे, ये तो अपनेच बच्चे खा रही!" मी धावत गेलो. मादी एक पिल्लू टाकायची, वळायची आणि गिळायची.

अम्मीला ते फार लागलं. संध्याकाळपर्यंत ती त्या बरणीकडे बघेना. रात्री म्हणाली, आई आहे तिला कळत नसेल, लपायला जागा द्यायला पाहिजे लेकरांना. दुसऱ्या दिवशी तिने कांद्याची लाल जाळीची पिशवी मागितली, तिची पिशवी शिवली, बरणीच्या तोंडाला आतून लटकती बांधली आणि मादी त्या जाळीत सोडली. पिल्लं जाळीतून खाली पडायची, मादीला खाली जाता येत नव्हतं. शहरात मासे पाळणारे यासाठी प्लॅस्टिकचा डबा विकत आणतात, हे मला पुढे नागपूरला रंगीत माशांच्या दुकानात समजलं. अम्मीने तो कांद्याच्या पिशवीतून काढला होता.

दुसरी अडचण नरांची. आम्ही समजत होतो जितके नर तितकी पैदास. नर लहान, रंगीत, माद्या मोठ्या, मातकट. टाक्यात निम्मेशिम्मे नर. ते दिवसभर माद्यांच्या मागे. मादीला ना खायला उसंत ना थांबायला. काही माद्या नुसत्या थकून मेल्या. एका नराला दोन-तीन माद्या हे प्रमाण ठेवायचं असतं. शिवाय दिवस भरत आलेली मादी एका भांड्यातून दुसऱ्यात हलवली की ती घाबरून अपुऱ्या दिवसांची पिल्लं टाकते, ती मेलेली तरी असतात किंवा तळाला पडून राहतात. हे सगळं आम्ही मासे मारून शिकलो. आणि एकदा तर विहिरीत सोडलेले सगळे मासे सकाळी उलटे तरंगताना दिसले. आदल्या संध्याकाळी पाणी शुद्ध करायला टीसीएल पावडर टाकली गेली होती. एका खात्याने मासे सोडायचे, दुसऱ्याने पावडर टाकायची. दोघांच्याही वहीत काम झाल्याची नोंद.

त्या वर्षी डिसेंबरात थंडीची लाट आली. आमच्याकडे पारा आठ-नऊ अंशांवर उतरतो. गप्पी गरम मुलखातला. सकाळी टाक्यावर पांढरा थर दिसला, म्हटलं धुकं असेल. मासे होते. सगळे. स्वयंपाकघरात चुलीजवळच्या बरणीत एक मादी होती तेवढी वाचली. एकटी, नराशिवाय. मी आरोग्यसेवकांना सांगून टाकलं, आपलं दुकान बंद. जानेवारी संपता संपता त्या मादीने अठरा पिल्लं दिली. मार्चात पुन्हा. अम्मी म्हणाली, अल्लाह की देन. मी पुस्तकात शोधून तिला सांगितलं की बीज पोटात राहतं. ती म्हणाली, ते पोटात ठेवायची अक्कल कोणी दिली? यावर माझ्यातल्या बी.ए.कडे उत्तर नव्हतं.

त्या एका मादीपासून पुन्हा टाकं भरलं. पण तीन-चार पिढ्यांनी पिल्लं वेगळी दिसू लागली. पाठीचा कणा वाकडा, शेपटी आखूड, वेत लहान. सगळी एकाच आईची, भावाबहिणींत लग्नं. गप्पीच्या वंशाचं हे गणित जगात पुष्कळ अभ्यासलं गेलं आहे. १९२० साली डेन्मार्कच्या योहानेस श्मिट यांनी आणि १९२२ साली ओयविंद विंगे यांनी याच माशावर दाखवून दिलं की नराचे काही रंग बापाकडून थेट मुलाकडेच जातात, मुलीकडे कधी जात नाहीत. आनुवंशशास्त्राच्या इतिहासात या बरणीतल्या माशाला मानाची जागा आहे. आम्हाला मात्र एवढंच हवं होतं की कणा सरळ यावा. भंडाऱ्याच्या एका गटारातून मी आठ-दहा नर डब्यात धरून आणले. एसटीत वास आला म्हणून कंडक्टरने मला मागच्या दाराशी उभं केलं. पण त्या गटारी नरांनी आमचा वंश सुधारला.

१९९९ च्या पावसाळ्यात एवढे मासे झाले की ठेवायचे कुठे हा प्रश्न पडला. बरणीतून निघाले की सगळेच चांगले काम करणार, असं मी धरून चाललो होतो. अम्मीचा पाय त्या वर्षी दोनदा उसळला होता. मला वाटलं, गावाभोवती एकही पाणी सोडायचं नाही. मी दोन बादल्या भरून गावाबाहेरच्या बोडीवर गेलो आणि ओतल्या.

बोडी म्हणजे लहान तलाव. आमच्या भागात असे हजारो आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने पाण्याचा उतार ओळखून पाळी बांधल्या. मालगुजारांकडे त्यांचा ताबा होता. १९५० साली, आम्ही तेव्हा मध्य प्रदेशात होतो, मालगुजारी रद्द झाली, तलाव सरकारजमा झाले आणि त्यांना माजी मालगुजारी, म्हणजे 'मामा तलाव' हे नाव पडलं. तलावाचं पाणी शेतकऱ्याचं, आणि त्यातला मासा ढीवरांचा. पाळीवर एक म्हातारे ढीवर जाळं दुरुस्त करत बसले होते. काका म्हणायचो मी त्यांना. शिकवण्या घेतो म्हणून ते मला मास्तर म्हणायचे.

"मास्तर, काय ओतून रायले?"

मी सांगितलं. अळ्या खातात, रोग जातो.

त्यांनी हात पाण्यात घालून ओंजळीत दोन-तीन मासे घेतले, पाहिले. "कोठचे हायेत?"

"परदेशातले."

"अंडे कवा देतेत?"

म्हटलं, अंडी नाही, पिल्लं देतात. बारा महिने.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बोडीत पाहुना आनाच्या आधी आमाले इचारत जा ना. आमच्या मासोळीचे अंडे गवतात रायतेत. हे बारा महिने तेथीच. मंग?" आणि जाळं उचलून निघून गेले.

मला तेव्हा राग आला. रोगाचं काम करतो आहे आणि हे अंड्यांचं काय घेऊन बसले. पण ते 'मंग?' डोक्यातून गेलं नाही. पुढे वाचत गेलो तसं कळत गेलं. गॅम्बुशिया जगभर जिथे जिथे सोडला, तिथे त्याने देशी माशांची अंडी आणि पिल्लं खाल्ली. आज तो जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत आहे. गप्पी त्याच्याइतका दांडगा नाही, पण पसरण्यात कमी नाही. २०११ साली काही संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एकेका टाकीत एकेकच गाभण मादी सोडली, आणि बहुतेक टाक्यांत वस्ती उभी राहून टिकली. म्हणजे चुलीजवळच्या बरणीत आम्ही जे पाहिलं तेच. त्या दिवशी मी बोडीत दोन बादल्या ओतल्या होत्या. एक लोटाही पुरला असता.

आणि हिवतापाचं काय? २०१३ साली जगभरच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा निघाला, २०१७ मध्ये तो पुन्हा ताजा केला गेला. मासे अळ्या कमी करू शकतात, असं काही ठिकाणी दिसलं. पण मासे सोडल्याने माणसांना होणारा हिवताप कमी झाला, हे दाखवणारा विश्वासार्ह असा एकही अभ्यास हाती लागला नाही. शंभर वर्षं मासे सोडले, ते मोजायचं राहूनच गेलं. याचा अर्थ मासा निरुपयोगी असा मी घेत नाही. घरच्या टाक्यात, रांजणात, गोठ्यातल्या हौदात मी स्वतः पाहिलं आहे, आठ दिवसांत अळी दिसत नाही. पण टाकं वेगळं आणि बोडी वेगळी. बोडीत अळ्या खाणारे आधीच होते. कलकत्त्याच्या पुस्तिकेने ते १९१२ सालीच सांगितलं होतं आणि काकांनी १९९९ मध्ये.

अम्मीच्या पायाला माशांनी काही केलं नाही, करणारही नव्हते. तो बिघाड त्यांच्या कितीतरी आधीचा. २००४ पासून वर्षातून एकदा हत्तीरोगाच्या गोळ्या घरोघर वाटायला लागले. ती दरवर्षी सगळ्यांच्या आधी हात पुढे करायची. एका नर्सबाईंनी तिला पाय साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करायला शिकवलं, रोज. तेवढ्यानेच तिचा ताप जवळजवळ थांबला. इतकी वर्षं हे कोणी सांगितलं नव्हतं. ती रोज पाय धुवायची आणि समोर बरणी ठेवायची. दहा-बारा वर्षांपूर्वी ती गेली. बरणी अजून आहे, जाळी तीन-चारदा बदलली.

त्या बोडीवर मी नंतर कितीदा गेलो. मरळ आहे, वाम आहे, डोक्यावर ठिपक्याचा मासाही दिसतो. गप्पी बोडीत सापडला नाही. मरळीने खाल्ले असतील तर तिचे उपकार. खालच्या नाल्यात मात्र आहेत, पुष्कळ. ते माझेच, की दुसऱ्या कोणाच्या बादलीतले, हे सांगता येत नाही. काका आता नाहीत. त्यांना सांगायचं राहिलं.

अजूनही पावसाळ्यात लोक मासे मागायला येतात. बंद टाक्याला, रांजणाला हवे असतील तर जोडी देतो. ज्याचं पाणी पुढे कुठे वाहून जातं, विहीर असो, हौद असो, त्याला मी फक्त नर देतो. नर ओळखायला सोपा : अंगावर रंग, आणि पोटाखालचा पर काडीसारखा टोकदार. अळ्या तो मादीपेक्षा कमी खातो. वर्षभरात मरतो, मग ते लोक पुन्हा येतात. पोरांना काही तक्रार नाही, त्यांना रंगीतच हवे असतात. परवा एक मुलगी डबा घेऊन आली होती, मी बारा मोजून दिले. तिने डबा उजेडात धरला आणि विचारलं, "यात आई कोणती?"

म्हटलं, यात आई नाही. ती इथेच राहते.